आजोबांच्या पेटीतले इटलीचे तीन फोटो: गाडीवरची खूण कुठली?

पेटीवाली: आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत होते. परवा आत्याकडची पत्र्याची पेटी उघडली, तळाशी तीन फोटो निघाले, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. एकात पट्ट्यावर चालणारी उघडी गाडी चिखलात रुतलीय. मडगार्डवर काळपट चौकोनात देठासकट तीन फुलं आहेत. दुसऱ्यात पडकी घरं, आणि डोक्याला काळा रुमाल बांधलेली बाई ढिगाऱ्यातून खुर्ची ओढून काढतेय. तिसऱ्यात चर्च. मागे आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय, "मार्च ४५. देवळाला छप्पर नाही. नदीपल्याड जर्मन." चर्चला ते देऊळच म्हणाले. गाव कुठलं असेल? मला तिथे जाऊन उभं राहायचंय.

माणगावकर: ताई, ती फुलं नाहीत, क्लोव्हर या चाऱ्याच्या रोपाची चार दलांची पानं आहेत. लाल चौकोनावर पिवळी, आठव्या भारतीय डिव्हिजनची खूण. कृष्णधवल फोटोत लाल रंग असा काळपट येतो. गाडी ब्रेन कॅरियर, म्हणजे सैनिक आणि मशीनगन नेणारी हलकी चिलखती गाडी. मार्च १९४५ म्हणजे नदी बहुतेक उत्तर इटलीतली सेनिओ. तिच्या दोन्ही तीरांवर उंच बांध होते आणि जर्मनांनी त्या बांधांतच मोर्चे खणले होते. ९ एप्रिलला तुमच्या आजोबांच्याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांमधून मागे आणलं, मग तीन मशीनगन एकट्याने गप्प केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. आघाडी हिवाळाभर नदीवरच अडली होती, म्हणून काठची कोतिन्योलासारखी गावं जवळजवळ जमीनदोस्त झाली. पण नुसत्या पडक्या चर्चवरून गावाचं नाव सांगणं मला बरोबर वाटत नाही.

भिंग: लॅमिनेशन अजिबात करू नका, ओल्या फडक्याने पुसूही नका. १२०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. पेन्सिल घासून पुसट होते. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये इटलीतले लष्करी फोटो 'एनए' क्रमांकांखाली आहेत, चर्च त्यांच्याशी ताडून बघा. दुसऱ्या मडगार्डवर पलटणीचा सांकेतिक ओळख-आकडा असतो, तो वाचता येतोय का?

पेटीवाली: दोघांचे मनापासून आभार. नामदेव जाधवांचं नाव आजोबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. युद्धाचं ते बोलायचेच नाहीत. आकडा भिंगाखाली बघितला. पहिला ६ स्पष्ट आहे, पुढच्यावर चिखल उडालाय. उद्या स्कॅन करून आणते.