आईचा मुतखडा युरेटरमध्ये (मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयात जाणाऱ्या नळीत) अडकलाय, दुखणं थांबलंय, तरी ऑपरेशन करायचं का?

मंडळी घाईत टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. आई ६१ वर्षांची, शुगर आहे, शिवाय हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी मध्यरात्री डाव्या कुशीतून अशी कळ उठली की तिला ना बसवेना ना झोपवेना, उलट्या वेगळ्याच. इंजेक्शनने थांबलं. सोनोग्राफीत किडनीला सूज दिसली पण खडा दिसेना, म्हणून सीटी केला तर डाव्या मूत्रवाहिनीत वरच्या बाजूला ९ मिमीचा खडा. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल, लघवीत इन्फेक्शन नाही.

आता आठ दिवस झाले, तिला काहीच दुखत नाही. ती म्हणते पडून गेला असणार. मामा म्हणतो माझा दोनदा आपोआप पडला, नुसतं पाणी पाज (त्याचा ४ मिमीचा होता हे तो सांगत नाही). एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून लेझरने फोडू आणि स्टेंट टाकू म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले बाहेरून शॉकवेव्ह देऊनही फुटतो, पण खडा कडक आहे, रिपोर्टमध्ये ११०० एचयू (सीटीवर दिसणाऱ्या घनतेचं माप) लिहिलंय, त्यामुळे एका सिटिंगमध्ये होईलच असं नाही. दुखत नसताना भूल देऊन हे सगळं करायचं म्हणजे जिवावर आलंय. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद :
मी गेलोय, ८ मिमी, लेझर. कुठे कापत नाहीत, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालतात, त्यामुळे ऑपरेशनचं फार काही वाटलं नाही. वाटलं ते स्टेंटचं! डीजे स्टेंट म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली बारीक नळी, दोन्ही टोकं वळलेली. सारखी लघवीला लागते, लघवी करताना कमरेत कळ जाते, जास्त चाललं की लघवी लालसर होते. मला वाटलं काहीतरी बिघडलं, पण हे चालतं म्हणे. आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर घाबरतील.

प्रतिसाद :
दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं अजिबात नाही. कळ येते ती लघवी तुंबून किडनीवर ताण येतो म्हणून. तुंबून राहिलं की हळूहळू किडनी लघवी बनवणंच कमी करते, ताण उतरतो, माणसाला वाटतं बरं झालं. असं गुपचूप राहून किडनी निकामी झालेली मी जवळून पाहिली आहे. आधी परत स्कॅन करा, खडा आहे की नाही ते कळेल. ५ मिमीच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, ९ चा आणि तोही वरच अडकलेला, त्याची शक्यता कमी. वाट बघायची तरी जास्तीत जास्त चार ते सहा आठवडे, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि मधे थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा, शुगरच्या पेशंटला तर हे फारच वाईट, तेव्हा खडा बाजूला ठेवून आधी तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असताना शॉकवेव्ह देत नाहीत, किडनीभोवती रक्तस्राव होऊ शकतो. दुर्बिणीत तो धोका बराच कमी. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका हां, हार्टवाल्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रतिसाद :
एक विचारून घ्या, खडा फोडताना वर किडनीत सरकला तर काय? वरच्या खड्यांचं असं होतं, मग वाकणारी दुर्बीण लागते, ती त्यांच्याकडे आहे ना. आणि मूत्रवाहिनी अरुंद असेल तर कधी कधी नुसता स्टेंट टाकून बाहेर येतात, दोनेक आठवड्यांनी ती सैलावली की मग खडा फोडतात. माझ्या बहिणीचं तसं झालं, आम्ही उगाच डॉक्टरांवर चिडलो होतो.

धागाकर्ता :
सगळ्यांचे खूप आभार. काल स्कॅन केला, खडा तिथेच, हललासुद्धा नाही, आणि किडनीची सूज उलट वाढलीये. आईला फिल्म दाखवली तेव्हा कुठे तयार झाली. हार्टच्या डॉक्टरांशी बोलून पुढच्या आठवड्यात दुर्बिणीनेच करतोय, वाकणारी आहे त्यांच्याकडे. आता तिचा एकच प्रश्न, स्टेंट काढताना परत भूल देतात का?

प्रतिसाद :
बहुतेक वेळा नाही, सुन्न करणारी जेली लावून दुर्बिणीने ओढून काढतात, मिनिटभराचं काम. फक्त काढायची तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. बरं वाटलं की लोक विसरतात आणि महिनोन्‌महिने आत राहिलेल्या स्टेंटवरच खडे धरतात, मग तो काढायला वेगळं ऑपरेशन.