मदत हवी आहे: रेव्हिटमध्ये वाकडीतिकडी मातीची भिंत

नमस्कार मंडळी, कोकणातल्या एका कॉब (माती-पेंढा कालवून हाताने थापलेल्या) घराचं मॉडेल रेव्हिट २०२२ या इमारतींच्या ३डी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये करतोय. भिंत प्लॅनमध्ये नागमोडी, पायाशी ६०० मिमी आणि वर ३५० मिमी. वळणावर जाडी आणखी वेगळी, कारण माती हातानेच थापायची.

भिंतीच्या टूलमध्ये स्प्लाइन (मुक्त वळणाची रेषा) नाही, म्हणून टँजंट आर्कचे, म्हणजे एकमेकांत सलग मिसळणाऱ्या कमानींचे, तुकडे जोडले. प्लॅन जमला, पण आर्क भिंतीला एडिट प्रोफाइल (भिंतीची समोरून दिसणारी कड बदलायची सोय) मिळत नाही आणि वरची कड उतरती हवी आहे. मग इन-प्लेस मास (प्रोजेक्टमध्येच घडवलेला ठोकळा-आकार) करून त्याच्या पृष्ठभागावर वॉल बाय फेसने भिंत लावली. आकार झकास, जाडी मात्र सगळीकडे एकसारखी! टेपर्ड (वर निमुळत्या) भिंतीनेही लांबीच्या दिशेने बदलणारी जाडी साधत नाही.

आता उरतं भिंत कॅटेगरीत मॉडेल इन-प्लेस, म्हणजे भिंतीचा आकार जागेवरच हाताने घडवणं. स्वेप्ट ब्लेंडचे (एका छेदापासून दुसऱ्या छेदापर्यंत मार्गावरून बदलत जाणाऱ्या आकाराचे) तुकडे जोडून कोणी असं केलंय का? त्यात खिडक्या नीट बसतात का? मातीचं घनफळ शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून निघणाऱ्या मोजमापांच्या तक्त्यात) हवं आहे, गवंडी तेच विचारतोय. की राइनो या दुसऱ्या ३डी सॉफ्टवेअरमध्ये आकार करून आणणं बरं? कृपया ‘सरळ भिंत घ्या’ सुचवू नका, मालक ऐकणार नाहीत.