अल्टा ते ब्रायटन गाडीने जाता येतं का? (सॉल्ट लेक सिटी, कॉटनवुड कॅन्यन)

भटकी_मैना: मंडळी, नुकतेच सॉल्ट लेकला शिफ्ट झालोय. जुलैअखेर आई-बाबा येतायत, त्यांना डोंगरात न्यायचंय पण फार चालणं जमणार नाही. मॅपवर लिटल कॉटनवुड कॅन्यनच्या (म्हणजे दरीच्या) टोकाला अल्टा आणि बिग कॉटनवुडच्या टोकाला ब्रायटन, ही दोन स्की रिसॉर्ट्स अगदी शेजारी दिसतात, मग एका कॅन्यनमधून चढून दुसऱ्यातून उतरता येतं का? गूगल मॅप सारखा परत खाली शहरात आणतोय.

दगडधोंडे: मॅप बरोबर सांगतोय, मध्ये रस्ताच नाहीये. दोन्हींच्या मधे १०,००० फुटांच्या वरची धार आहे, ती ओलांडायला कॅथरीन पास या खिंडीची पायवाट आहे, बाकी काही नाही. गाडीने जायचं तर लिटल कॉटनवुडच्या २१० नंबरच्या रस्त्याने पूर्ण खाली, मग वसॅच बुलेव्हार्डने थोडं उत्तरेला, आणि बिग कॉटनवुडच्या १९० ने परत वर, म्हणजे पंचवीसेक मैल.
तसं शेजारी असूनही दोन्ही कॅन्यन दिसायला एकदम वेगळ्या आहेत, आई-बाबांना नक्की दाखवा. लिटल कॉटनवुड हिमनदीने पार तोंडापर्यंत खरवडलीय म्हणून तळ रुंद आणि दोन्ही बाजूंना उभ्या पांढुरक्या भिंती, इथलाच दगड शहरातल्या सॉल्ट लेक टेंपलला (मॉर्मन मंदिराला) वापरलाय. बिग कॉटनवुडमध्ये हिमनदी फक्त वरच्या भागात होती, खालचा भाग ओढ्याने कापलाय त्यामुळे तिथे दरी अरुंद आणि रस्ता ओढ्याला चिकटून वळणं घेत जातो. मला स्वतःला ही खालची वळणंच जास्त आवडतात, खडकाचे थर तिरपे झालेले गाडीतूनही स्पष्ट दिसतात.

घाटवाट: चालणं नको असेल तर माझं मत बिग कॉटनवुड. ब्रायटनच्या थोडं अलीकडे गार्ड्समन पासचा फाटा लागतो, साधारण ९,७०० फुटांवर खिंड, तिथून पलीकडे पार्क सिटीत उतरायचं आणि पार्लीज कॅन्यनमधून आय-८० हायवेने घरी. त्याच रस्त्याने परत यावं लागत नाही हे मोठं सुख. रस्ता अरुंद आहे, उतारावर लो गिअर ठेवा. हा पास हिवाळ्यात पूर्ण बंद असतो, पण जुलैला काही प्रश्न नाही. शहर ४,३०० फुटांवर आहे म्हणजे चढ बराच होतो, त्यामुळे आई-बाबांना मधे मधे थांबवत, पाणी पाजत न्या.

भटकी_मैना: वा, हेच हवं होतं! आणि हिवाळ्यात अल्टाला जायचं झालं तर? ऑफिसमधले सगळे म्हणतात बर्फ पडला की जाऊच नको.

बर्फाळ_पुणेकर: जा, पण कॅन्यनला एकच रस्ता आहे हे डोक्यात ठेवून जा. अल्टाच्या पुढे तो संपतो, आणि त्या आठेक मैलांच्या रस्त्यावर अ‍ॅव्हलांचच्या (बर्फाचे कडे कोसळण्याच्या) साठाहून जास्त वाटा येऊन पडतात. जोरात बर्फ पडला की रस्ता बंद करून स्फोट करून बर्फ पाडतात, मग साफ करून उघडतात, यात तास जातात कधी पूर्ण दिवस. धोका जास्त असला तर वरच्यांना इमारतीबाहेर पडायलाही बंदी असते, त्याला इंटरलॉज म्हणतात, आणि तो नियम खरंच पाळा. ट्रॅक्शन लॉ लागू असेल तेव्हा योग्य टायर किंवा चेन नसेल तर गाडी वर सोडत नाहीत. स्की बस पकडा, पार्किंगची कटकटही वाचते.
हिवाळ्यात या रस्त्यावर होणाऱ्या गाड्यांच्या गर्दीवर उपाय म्हणून २०२३ मध्ये युटाच्या वाहतूक खात्याने गोंडोला (रोपवे) निवडलाय, त्यावरून गावात अजून भांडणं चालूयत. मला तरी आधी बस वाढवाव्यात असंच वाटतं, एकदा खांब रोवले की ती दरी परत तशी दिसणार नाही.

दगडधोंडे: एक राहिलंच, कुत्रा असेल तर घरी ठेवा. दोन्ही कॉटनवुडचं पाणी शहराला प्यायला जातं म्हणून कुत्र्यांना बंदी आहे, गाडीत बसवूनसुद्धा नाही, आणि ओढ्यात किंवा तळ्यात पोहायलाही नाही. कुत्र्याला फिरवायचंच असेल तर उत्तरेला मिलक्रीक कॅन्यन आहे.