ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा एकाच घरातले कसे?

एक प्रश्न आलाय की ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी काळी, भेगाळलेली आणि अर्जुनाची पांढरट गुळगुळीत, मग दोघं टर्मिनॅलिया ह्या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, कसे. अहो, साल बघून जात ओळखायला मदत होते, पण नातं ठरवताना भर मुख्यतः फूल आणि फळावर असतो. ऐन आणि अर्जुन दोघांच्याही फळाला पाच पंख, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने अर्जुनाला पेंटॅप्टेरा म्हणजे पाच पंखवाला असा वेगळा जीनसच दिला होता. पण दोघांची फुलं बघितली तर पाकळ्या नाहीतच, नुसते कणसासारखे लांब तुरे, आणि हिरडा-बेहड्याचंही तेच, फक्त त्यांची फळं बिनपंखी, गरवाली. म्हणून 1834 मध्ये वाइट आणि आर्नॉट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अर्जुनाला टर्मिनॅलियात आणलं.

आता ऐन की अर्जुन हे फळावरून बघायचं तर पंख उजेडात धरा, ऐनाच्या पंखावरच्या रेषा जवळपास आडव्या सरळ जातात आणि अर्जुनाच्या वर वळतात. मला हे फार आवडतं, खाली पडलेलं वाळकं फळसुद्धा चालतं!

आणि धावडा माहितीये ना, गोल गोल गेंदांसारखी फुलं येतात तो? तो इतकी वर्षं अ‍ॅनोगायसस म्हणून वेगळा होता, पण डीएनए तपासल्यावर तो वंशवृक्षात टर्मिनॅलियाच्याच फांदीत निघाला, त्यामुळे 2017 मध्ये तोही ह्यांच्यातच घेतला. जुन्या पुस्तकात मात्र जुनंच नाव सापडेल.