प्रतिसाद: आजार सारखा म्हणजे नातं?
वर कुणीतरी लिहिलंय की टाइप १ डायबेटिसचं प्रमाण फिनलंड आणि सार्डिनियात (इटलीचं बेट) जगात सगळ्यात वरच्या रांगेत, म्हणजे दोघं मूळचे एकच असणार. अहो, असं नसतं ते :) सहाव्या क्रोमोसोमवरचे एचएलए जीन्स (प्रतिकारशक्तीचे) बघा ना, सार्डिनियात ए३०-बी१८-डीआर३ हा त्यांच्या प्रकारांचा संच भरपूर, फिनलंडला डीआर४ या प्रकाराचा जोर, म्हणजे आजार तोच पण वाट वेगळी. शिवाय हे जीन्स रोगजंतूंशी लढणारे, साथीच त्यांचं प्रमाण वरखाली करतात, मग नुसत्या त्यांच्यावरून सोयरीक कशी जुळवणार? अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, बघावा लागतो. उदाहरणार्थ, आल्प्समध्ये १९९१ला बर्फात सापडलेला ओट्झी नावाच्या माणसाचा मृतदेह, सुमारे ५३०० वर्षं जुना, त्याचा जीनोम २०१२ला आला तर आजच्या लोकांत जवळचे निघाले कोण, तर सार्डिनियावाले! आणि सापडला कुठे, तर इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर.