बायकोला ‘लेडी’, मग डेमच्या नवऱ्याला काय?

निशिगंधा
२०२५ मध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम सर झाला (ब्रिटनच्या राजाने दिलेली पदवी) आणि त्याबरोबर त्याची बायको व्हिक्टोरिया आपोआप लेडी बेकहॅम. छान. पण अभिनेत्री जुडी डेंच १९८८ ला डेम झाली (‘सर’च्या बरोबरीची, बायकांना मिळणारी पदवी), तिचा नवरा मायकेल विल्यम्स, तोही चांगला नावाजलेला नट, शेवटपर्यंत मिस्टरच. गायक एल्टन जॉन १९९८ पासून सर, त्याचा नवरा डेव्हिड फर्निश नुसता डेव्हिड. हे २१व्या शतकात चालतं कसं? एकतर सगळ्यांच्या जोडीदारांना द्या, नाहीतर कुणालाच नको.

खडूस_आजोबा
अहो ताई, ही रीत आहे, हक्क नाही. पाटलाच्या बायकोला पाटलीणबाई म्हणायला कुणी जीआर काढला होता? ना त्यात पगार ना अधिकार. आणि ज्याला नको त्याला नको म्हणता येतंच की, राणी एलिझाबेथची मुलगी प्रिन्सेस ॲन, तिच्या पहिल्या नवऱ्याने, मार्क फिलिप्सने, राणीने देऊ केलेली पदवी घेतलीच नाही, म्हणून तर त्यांच्या मुलांच्या, पीटर आणि झाराच्या, नावामागे काही नाही.

निशिगंधा
आजोबा, उदाहरण गंडलंय. त्याला स्वतःची सरदारकी देत होते, बायकोची सावली नाही. मी म्हणतेय ते वेगळंय.

चहाबाज
डेनिस थॅचर विसरलात सगळे 😄 मार्गारेटबाई ब्रिटनच्या पंतप्रधानपदावरून गेल्यावर १९९० ला नवऱ्याला बॅरोनेट (पिढ्यान्‌पिढ्या चालणारं ‘सर’पद) केलं, १९६४ नंतर कुणालाच दिलं नव्हतं ते! त्यामुळे बाई लेडी थॅचर, म्हणजे अकरा वर्षं देश चालवला बायकोने आणि ‘लेडी’ मिळालं नवऱ्यामुळे. १९९२ ला ती स्वतः बॅरोनेस (सरदारीण) झाली तेव्हा त्यातून डेनिसला शून्य. आणि बॅरोनेटपद वंशपरंपरेचं, सो २००३ ला डेनिस गेल्यावर मुलगा मार्क आयताच सर.

खडूस_आजोबा
मग तेच म्हणतोय ना, नवऱ्यांनाही वाटत सुटलात तर असे आयते अजून वाढतील.

निशिगंधा
ओ, डेमच्या नवऱ्याला दिलं तर ते मुलांकडे जात नाही, उगाच मिसळू नका. २०१३ ला लॉर्ड लुकसनी नवऱ्यांना आणि समलिंगी जोडीदारांनाही असा मान मिळावा म्हणून लॉर्ड्समध्ये (ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात) बिल आणलं होतं, पास झालं नाही.

माहीमकर
आमच्या एल. जे. रोडवरून रोज जाताय ना, ती लेडी जमशेटजी कोण? अवाबाई. जमशेटजी जीजीभॉय १८४२ ला सर झाले, पहिले भारतीय, म्हणून ती लेडी. माहीमचा कॉजवे १८४५ ला खुला झाला तो तिने दिलेल्या १ लाख ५७ हजारांवर, त्याआधी वांद्र्याला जायचं तर खाडी होडीने ओलांडा. पदवी नवऱ्याची होती पण त्यामुळेच एका बाईची आठवण रस्त्यावर राहिली, मला त्यात काही वाईट दिसत नाही.

निशिगंधा
पैसे अवाबाईंचे आणि पाटीवर नाव जमशेटजींचं! माहीममधल्या दहा जणांना अवाबाई कोण विचारा.

खडूस_आजोबा
पाटी बीएमसीची, इंग्लंडच्या राजाला का झोडताय?

चहाबाज
आजोबा, तो कॉजवे झाला तेव्हा राणी व्हिक्टोरिया होती, राजा नव्हता. आणि तिच्या नवऱ्याला, अल्बर्टला, प्रिन्स कन्सॉर्ट (राणीचा नवरा म्हणून मिळणारी पदवी) व्हायला १८५७ उजाडलं, लग्न १८४० चं. राणीच्या नवऱ्याचीच ही गत, तर डेमच्या नवऱ्याचं काय घेऊन बसलात.