नाटकाचं पोस्टर: चेहरे दाखवायचे की नाटक?

तिसरी घंटा
हल्ली दहा नाटकांची पोस्टरं शेजारी-शेजारी लावली तर फार्स कुठला आणि शोकांतिका कुठली, ते कळत नाही. सगळीकडे कलाकारांचे चेहरे आणि खाली नावांची रांग. माझ्या मते पोस्टर म्हणजे नाटकावरचं पहिलं भाष्य. यान लेनित्सा या पोलिश चित्रकारानं १९६४ साली 'वोत्सेक' या ऑपेरासाठी केलेलं पोस्टर पाहा. लाल लाटांवर लाटा आणि मधोमध किंचाळणारं तोंड. एकाही गायकाचा फोटो नाही, तरी आतला कोंडमारा अंगावर येतो.

बुकिंग खिडकी
पोलंडचा दाखला देताना तिथली तेव्हाची व्यवस्थाही सांगा. नाट्यगृहं सरकारी, पोस्टरचं काम देणारंही सरकारच. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कुणा निर्मात्याच्या डोक्यावर कर्ज चढत नव्हतं. ज्याला पदरचे पैसे घालायचेत त्याच्यासाठी पोस्टर आधी जाहिरात असते. कुठलं नाटक, कोण आहे, कधी, कुठे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलंच पाहिजे.

तिसरी घंटा
मग खासगी उदाहरण घ्या. पॅरिसचं रेनेसाँस थिएटर अभिनेत्री सारा बर्नार्द स्वतः चालवायची, म्हणजे जोखीम तिचीच. 'जिस्मोंदा' या नाटकासाठी तिनं चित्रकार आल्फोन्स मुखाकडून पोस्टर करून घेतलं. १८९५च्या जानेवारीत ते भिंतींवर लागलं. उंच, अरुंद, फिक्या रंगांचं. मजकूर किती? नाटकाचं नाव, तिचं नाव, थिएटरचं नाव. तारीख नाही, वेळ नाही, दर नाही. ते पाहून तिनं मुखाशी सहा वर्षांचा करार केला. व्यवहार कळणारी बाई होती ती.

बुकिंग खिडकी
हे तर माझ्याच बाजूचं झालं! त्या पोस्टरवर आहे कोण? नखशिखांत सारा बर्नार्द. नाटकही १८९४च्या ऑक्टोबरपासून चालूच होतं, हे पुढच्या प्रयोगांसाठी होतं. नाव आधीच गाजलेलं असलं की तपशील गाळणं परवडतं. नव्या संचानं तसं करून पाहावं.

नेपथ्य
चेहरा असावा की नसावा हा वादच मला चुकीचा वाटतो. ग्राफिक डिझायनर पॉला शेर १९९४पासून न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरसाठी पोस्टरं करते. तिच्या एका गाजलेल्या पोस्टरवर टॅप नर्तकाचा फोटो आहे, पण भोवतीची जाडजूड, तिरकी अक्षरं अशी उसळतात की पायांचा ठेका डोळ्यांना ऐकू येतो. माहिती आहे, माणूस आहे, आणि चित्रही आहे. आपल्याकडे नडतं ते निराळंच: कुणाचं नाव किती मोठं छापायचं याची बोलणी आधी होतात, चित्रकाराला संहिता मिळते शेवटी. कधी मिळतही नाही.

बुकिंग खिडकी
संहितेचं मान्य, ती द्यायलाच हवी. पण आता पोस्टर भिंतीवर कमी आणि मोबाइलवर जास्त दिसतं, अंगठ्याएवढं. तिथे ओळखीचा चेहराच नजर थांबवतो.

तिसरी घंटा
एक चेहरा थांबवेलही. अंगठ्याएवढ्या जागेत सात चेहरे कोंबले तर एकही ओळखू येत नाही. लेनित्साचं ते तोंड तिथेही दिसतं. तारीख-वेळ शेजारच्या मजकुरात लिहा, चित्राची जागा तिला देऊ नका.